सुधाकरमामानं कापलेली खरखर

सुधाकर या माणसावर अन्याय झाला. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. दिवस, एकोणीसशे सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरातला दुसरा सोमवार. वेळ, सकाळी अकराच्या सुमारास. ठिकाण, सांगलीच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीतलं त्याचं कॅसेट भरून देण्याचं दुकान. आरोप, एका इंग्लिश बँडची कॅसेट चोरल्याचा. आरोप खोटा होता. तो खोटा आहे हे मामा सोडून आणखी दोन माणसांना पक्कं माहीत होतं. त्यातली एक मी.

त्या अल्बमचं नाव मी लिहिणार नाही. इंग्लंडातल्या काही पोरांचा बँड होता. जगभर त्यांची वाहवा झाली, परदेशातल्या मासिकांनी पानंच्या पानं लिहिली, अजून लिहितात. त्यांचं नाव सांगायला माझी गरज नाही. ज्याचं नाव कुणी कुठं लिहिलं नाही, त्याच्यासाठी ही जागा आहे.

मागच्या महिन्यात पुण्यात, आमच्या संघटनेच्या खोलीवर, दुपारची पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. उन्हानं शाईचा वास वर आला होता. एका सहकाऱ्यानं कॉम्प्युटरवर सीडी लावली. सुरुवातीला नुसती खरखर. रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे अडकावा तशी. मग लांबून कुणीतरी श्वास घेतल्यासारखं काहीतरी, मग कुठं दार ओढल्यासारखं. मी म्हटलं, सीडी खराब आहे तुझी. तो म्हणाला, थांब जरा. आणि त्या खरखरीच्या पोटातून गिटार निघाली. माझ्या हातातली घडी हातातच राहिली.

हा अल्बम मला पाठ होता. सतराव्या वर्षी एक अख्खा हिवाळा मी याच्याशिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं. पण ही खरखर मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पहिली सहा गाणी झाली, आणि मी सवयीनं बेंजोची वाट बघायला लागले. पुढं सरळ सातवं गाणं सुरू झालं. मी विचारलं, बेंजो कुठं गेला? सगळी खोली हसली. इंग्लंडात कुठला आलाय बेंजो, म्हणाले, तुमच्या गावची बँड पार्टी गेली होती का तिकडं? मी हसले नाही. तो बेंजो माझ्या मामाचा आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण उरलेल्या जगाच्या अल्बमात तो नाही, हे मी दहा वर्षांत साफ विसरून गेले होते.

*

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. वडील मुंबईत, आई शेळ्या आणि तुकडाभर रान बघत गावात. दहावी झाल्यावर मला साताऱ्याला कॉलेजात घातलं, मुलींच्या हॉस्टेलवर. मला त्या हॉस्टेलचा वास अजून येतो. सहा पोरींचं खोबरेल, न वाळलेल्या ओढण्या, डब्यातली शेंगदाण्याची चटणी, आणि जिन्याखालच्या फिनाईलचा. खिडकीत अजिंक्यतारा. संध्याकाळी त्याची सावली लवकर पडायची आणि आमच्या खोलीत दिवस इतरांच्या आधी संपायचा. सुट्टीच्या दिवशी पोरींना भेटायला कुणी ना कुणी यायचं. माझ्याकडं माणाहून कोण येणार? मी गच्चीवर जाऊन बसायची.

तिथंच मला अनघा भेटली. वाईची, वडील मोठे वकील. तिलाही कुणी भेटायला यायचं नाही, फक्त डबा घेऊन ड्रायव्हर यायचा. तिच्या भावानं पुण्याहून आणलेली ती कॅसेट तिनं त्याला न सांगता उचलून आणली होती. फिकट रंगाचं कव्हर, त्यावर आतल्या बाजूला भावाचं नाव, निळ्या शाईत. वॉकमन एक, कानात घालायच्या बोंड्या दोन. एक तिच्या कानात, एक माझ्या. त्या तारेच्या लांबीएवढ्या अंतरावर दोघी बसायचो. ऊन मानेवर, समोर वाळत घातलेल्या चादरी, आणि कानात एक बारीक, थकलेला पुरुषी आवाज. शब्द मला कळायचे नाहीत. अनघाला कळायचे, पण तीही अर्थ सांगायची नाही. तिचा वॉकमन स्वतःच इतका खरखरायचा की कॅसेटची खरखर कोणती आणि त्याची कोणती, हे विचारायचंही सुचलं नाही.

त्या आवाजातला माणूस कुठल्यातरी मोठ्या शहरात काचेच्या आड बसलेला आहे आणि बाहेरून जाणारं कुणी त्याच्याकडं बघत नाही, एवढं मला न कळताही कळत होतं. इंग्लंड मी नकाशातच पाहिलेलं. पण ती काच मला माहीत होती. मेसमध्ये ताट घेऊन उभं राहिलं की जी काच समोर असते, तीच.

दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीला मामाकडं निघाले, तेव्हा अनघानं कॅसेट आपणहून माझ्या पिशवीत टाकली. म्हणाली, तुझा मामा भरून देतो ना, तुझ्यासाठी एक करून आण. आणताना विसरू नकोस.

तिनं दिली. तिच्या हातानं दिली. हे वाक्य मी योग्य जागी, योग्य वेळी बोलायला हवं होतं.

*

मामाचं दुकान म्हणजे आठ फुटांची खोली. बाहेर पत्र्याची पाटी, पाटीवर त्यानं स्वतः काढलेली फिती सुटलेली कॅसेट. आत शिरलं की तारांना डाग द्यायच्या राळेचा आणि स्पिरिटचा वास. काडीला कापूस गुंडाळून तो मशीनचं हेड पुसायचा, बाळाचा कान पुसावा तसं. भिंतीला दोन डेक, त्यांचे लाल-हिरवे दिवे आवाजाबरोबर वर-खाली व्हायचे. दारातून स्टँडवरचा भोंगा, डिझेलचा धूर आणि वड्याच्या तेलाचा वास आत यायचा, आणि मामा एका हातानं दार लोटून म्हणायचा, एसटी भरली जाईल गाण्यात.

मामाचे दोन नियम होते. पहिला, पट्टी कोरी सोडायची नाही. साठाची कॅसेट म्हणजे दोन्ही बाजू अर्धा-अर्धा तास, आणि गाणी संपून तीन-चार मिनिटं उरली तर गिऱ्हाईक नाराज व्हायचं. म्हणून उरलेल्या जागेत तो आपला बेंजो वाजवून भरायचा. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचा बुलबुलतरंग. वस्तीतल्या गायन पार्टीत मामा तो वाजवायचा. चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला त्याच्या बेंजोशिवाय स्टेज उभं राहायचं नाही. दुकानात मात्र तो संथ वाजवायचा, पाणी ओतल्यासारखा. जिल्ह्यात किती घरांतल्या कॅसेटींच्या शेवटी तो आहे, कोण जाणे.

दुसरा नियम आमच्या आजीचा. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. मामानं तो वस्तूंना लावला होता. दुसऱ्याची चीज घेतली तर ती होती त्याहून बरी करून द्यायची. लोक आपला रेडिओ परत मागायला यायचे तेव्हा त्याची तुटलेली कडी बसवलेली असायची. छत्री दिली तर काडी शिवून यायची.

इंग्लिश कॅसेट लावली त्या सकाळी दुकानात आप्पा बसले होते. मिरजेकडचे जैन शेतकरी, स्तवनं भरून घ्यायला यायचे आणि भरून झाल्यावरही उठायचे नाहीत. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तसे ते म्हणाले, "सुधाकर, हे काय लावलंयस? म्हशी आटतील माझ्या."

"आवं आप्पा, विलायती भजन हाय."

"ह्यात देव कुठाय?"

"त्योच तर सापडंना झालाय गड्याला."

आप्पा हसून खोकले. मामा मात्र हसत नव्हता. कान स्पीकरला लावून तो ऐकत होता. आणखी दोन गाणी झाल्यावर मला म्हणाला, "जेवला न्हाई गं ह्यो. दोन-तीन दिवस कुणी इचारलं न्हाई ह्याला." मी म्हटलं, मामा, तो लाखांनी कॅसेट विकतो. "इकंना का. एकटा पडलाय. कुणीतरी घरी न्ह्याया पायजे ह्याला."

इंग्रजीचं एक अक्षर न कळणाऱ्या माणसानं केलेलं हे परीक्षण मी नंतर अनेक वर्षं, अनेक शहाण्यांच्या लेखांशी ताडून पाहिलं. इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

त्याला एकच गोष्ट खटकली. खरखर. दोन ठिकाणी होती, सुरुवातीला आणि मागच्या बाजूला शेवटच्या गाण्याआधी. एवढं झकास वाजवणारी माणसं अशी घाण ठेवणार नाहीत, हे त्याचं म्हणणं. म्हणजे दोष कॅसेटचा. भरताना त्यानं पॉजच्या बटणावर बोट ठेवलं, श्वास रोखला, आणि खरखर संपून गिटार सुरू होते नेमक्या त्या टोकावर बोट उचललं. माझी कॅसेट स्वच्छ झाली. उरलेल्या जागेत, पहिल्या बाजूच्या शेवटी, चार मिनिटं बेंजो. त्या इंग्लिश आवाजाच्या मागून तो असा यायचा, की जणू त्या उपाशी माणसाला कुणीतरी दार उघडून आत घेतलं आणि पाट मांडला.

मग त्यानं मूळ कॅसेट हातात घेऊन उन्हात धरली. म्हणाला, आतली गादी बसलीय. कॅसेटच्या तोंडाशी फितीला दाब देणारी लोकरीची बारीक चकती असते, ती. नवी बसवून पाठवतो. मी म्हटलं, राहू दे मामा, अनघाला लगेच परत द्यायची आहे. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी कुणाचं भांडं रिकामं परत द्यायला निघाले होते. "आजारी वस्तू परत देत्यात व्हय? आठ दिसात कंडक्टरच्या हाती लावून देतो."

सांगलीहून साताऱ्याला काहीही पाठवायचं तर तेव्हा कंडक्टरच. डबा, औषध, पुस्तक, सगळं त्यांच्या हाती जायचं आणि पोचायचं. मी माझी स्वच्छ कॅसेट घेऊन निघाले. मूळ मागं राहिली.

*

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे महिना. चांगली गादी मिळेना. मामाचं कार्ड आलं, सहा तारखेचा कार्यक्रम झाला की सोमवारी पाठवतो. मी अनघाला सांगितलं. ती म्हणाली, चालेल.

तो महिना माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता आणि मी तो जवळजवळ एकटीनं काढला. अनघाला परीक्षेचं टेन्शन, ती गच्चीवर येईनाशी झाली. वॉकमन तिनं माझ्याकडं दिला होता. साताऱ्याची थंडी हाडाशी लागायला लागली होती. पहाटे नळाचं पाणी बोटांना चावायचं, दूधवाल्याच्या सायकलच्या कॅनचा आवाज धुक्यातून आधी यायचा आणि सायकल नंतर. दुपारी गच्चीवर ऊन मऊ असायचं. मी कॅसेटची बाजू उलटायची, पेन्सिलीनं ढिली फीत गुंडाळायची, पुन्हा लावायची. आईला पत्रात लिहिलं होतं, इथं बरं आहे. एक गाणं सुरू होण्याआधी मी डोळे मिटायची आणि बेंजो येईपर्यंत उघडायची नाही. बेंजो लागला की मला राळेचा वास यायचा. साताऱ्यात बसून सांगलीचा वास. घर म्हणावं असं एवढंच माझ्याजवळ होतं त्या हिवाळ्यात, फितीवरची चार मिनिटं.

मग अनघाचा भाऊ पुण्याहून आला आणि त्यानं कॅसेट मागितली.

अनघा घाबरली. न विचारता आणली, वर मैत्रिणीला दिली, या दोन कबुल्या तिच्या तोंडून निघेनात. ती म्हणाली, हॉस्टेलवरून गेली. कुणी घेतली? माहीत नाही. खोलीतली दुसरी एक मुलगी म्हणाली, हिला दिवाळीत ती सांगलीला नेताना मी पाहिलंय, हिच्या मामाचं कॅसेटचंच दुकान आहे. वकीलसाहेबांनी आमचं आडनाव विचारलं. आडनाव ऐकलं, आणि पुढचं काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही. सांगलीत त्यांच्या ओळखी होत्या. एक फोन झाला.

सोमवारी अकराला दुकानात दोन पोलीस आले. मामी सांगते, कॅसेट काउंटरवरच होती. वर्तमानपत्रात बांधलेली, सुतळी घातलेली, वर माझं नाव आणि हॉस्टेलचा पत्ता. बाराच्या सातारा गाडीला द्यायची होती. त्यांनी सुतळी तोडली. मामानं सांगितलं, भाचीनं आणून दिलीय, दुरुस्त करून परत पाठवतोय. त्यांनी त्याला चौकीवर नेलं. गल्लीतून चालवत नेलं. स्टँडवरची निम्मी सांगली त्याला ओळखत होती.

बुधवारी मला वॉर्डनबाईंच्या खोलीत बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला वकीलसाहेब, एका बाजूला अनघा. ती आपल्या नखांकडं बघत होती. मधे कॅसेट. डबी उघडी होती आणि तिच्यातून मामाची एक चिठ्ठी अर्धी बाहेर आली होती. मी ती उलटी वाचली. मामाचं अक्षर मला उलटंही वाचता येतं.

"मालकास विनंती. गादी नवी बसवली आहे. तरी दोन ठिकाणी खरखर राहते. कंपनीची चूक दिसते, त्यांना कळवावे. बाकी माल उत्तम. सुधाकर."

चोर मालकाला चिठ्ठी लिहीत नाही. एवढं सांगायला वकील लागत नाही. पण त्या खोलीत वकील होता आणि त्यानं ती वाचली नव्हती. वॉर्डनबाईंनी वाचली नव्हती. मी वाचली होती.

बाई म्हणाल्या, "हे बघ, तू न विचारता नेली असशील तर तुझी इथली जागा जाईल. मामानं परस्पर मिळवली असेल तर तुझा संबंध नाही. तू दिलीस का मामाला?"

मी अनघाकडं पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. मला माणातलं आमचं घर दिसलं, शेळ्या दिसल्या, आईचा अंगठा दिसला प्रवेशाच्या कागदावर उठवलेला.

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी माझं हे उत्तर मामाला चौकीत सांगितलं गेलं. त्यावर तो काय म्हणाला, ते मामीला तिथल्या एकानं सांगितलं. म्हणाला, भाचीचा संबंध न्हाई. मीच उचलली.

*

खटला वगैरे झाला नाही. समज देऊन सोडलं, असा शब्द आहे त्याला. ज्याचा गुन्हा नाही त्याला कसली समज देतात, हा प्रश्न मी गेल्या दहा वर्षांत अनेक टेबलांवर आपटला आहे, दुसऱ्यांच्या प्रकरणांत. मामाच्या प्रकरणात एकदाही नाही.

गल्लीत मात्र निकाल लागला. लोक कॅसेट घेऊन येईनात. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. आप्पा समोरच्या कडेनं जायला लागले, छत्री आडवी धरून, ऊन नसताना. गायन पार्टीत कुणीतरी म्हणालं, वर्षभर थांबू, लोक नावं ठेवतात, चळवळीची बदनामी नको. चळवळीची! म्हणजे आपलीच माणसं. हेही लिहिते, कारण अन्याय फक्त वरून होतो असं लिहिणारी पत्रकं मी पुष्कळ वाटली आहेत. त्या वर्षी चौदा एप्रिलला स्टेजवर बेंजोच्या जागी कॅसिओ होता. मामा घरी बसून होता, दार लावून. आवाज तरी येणारच. वस्तीत भिंती कसल्या असतात?

पुढं दुकान गेलं. मी बारावी झाले, पुण्याला गेले, दुसऱ्यांच्या हक्कांसाठी ओरडायला शिकले. अनघाशी पुन्हा बोलणं झालं नाही. शेवटच्या दिवशी हॉस्टेलच्या फाटकात ती उभी होती, ड्रायव्हर बॅगा चढवत होता. तिनं हात अर्धा वर केला. मी नळावर पाणी भरत राहिले. मामाकडं जायचे तेव्हा हवापाणी, लग्नं, तब्येती. तो विषय तो काढायचा नाही आणि मी त्याच्या न काढण्याच्या आड लपायची. माझी ती स्वच्छ कॅसेट कुठल्यातरी खोली बदलण्यात हरवली. ती परत मिळवता येत नाही. ती जगात एकच होती.

*

सीडी ऐकल्यावर तिसऱ्या दिवशी मी तासगावची गाडी धरली. मामा आता तिथं एका बेदाणा शेडवर राखणदार आहे. हंगाम चालू होता. शेडच्या जाळ्यांवर द्राक्षं सुकत होती, गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास, त्यात गंधकाच्या धुरीचा एक करकरीत काटा. आत बायका रांगेनं बसून बेदाणा निवडत होत्या, बोटं चालू आणि तोंडंही. एकीनं मला विचारलं, कुणाची गं तू? मी म्हटलं, राखणदाराची भाची. ती म्हणाली, त्यो बोलतो व्हय कुणाशी?

मामा फाटकाशी बसला होता. केस पांढरे, हात तसेच. मी सहकाऱ्याचा सीडीचा छोटा प्लेअर नेला होता. काही न सांगता बोंड्या त्याच्या कानात घातल्या. त्यानं डोळे मिटले. मी त्याचा चेहरा बघत होते. खरखर सुरू झाली तशी त्याची डाव्या हाताची तर्जनी मांडीवर आपोआप दाबली गेली. गिटार आली, बोट उठलं. दहा वर्षांनी, नेमक्या त्या टोकावर.

त्यानं बोंडी काढली. "ही नवी कापी हाय?"

"हो."

"तरीबी खरखर?"

"मामा, ती मुद्दाम आहे. त्यांनीच ठेवलीय."

"पुन्ना लाव."

पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही. शेडमधून बायकांचं हसू येत होतं, रस्त्यावरून द्राक्षाचा ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत तो बोंड्यांची तार बोटाला गुंडाळत राहिला.

"म्हंजे गादी चांगलीच व्हती," तो म्हणाला. "मी दुसऱ्याच्या चांगल्या मालाला खोट काढली. वर कंपनीची चूक म्हणून लिवलं." मग माझ्याकडं न बघता, "त्या वाईच्या पोराला सांगशील का कवा? म्हणावं, सुधाकरचं चुकलं."

या सगळ्या प्रकरणात चूक कबूल करणारं हे पहिलं वाक्य होतं. वकिलानं केलं नाही, बाईंनी केलं नाही, पोलिसांनी, आप्पांनी, गायन पार्टीनं, अनघानं, मी, कुणीच नाही. ज्याचं काहीच चुकलं नव्हतं, तो लोकरीच्या एका चकतीसाठी माफी मागत होता.

मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माहीत होतं."

"मलाबी ठावं व्हतं."

"मग तू का—"

"तुझी हास्टेलातली शीट ऱ्हायली न्हवं? मग." आणि त्यानं विचारलं, "त्यो गडी, गाणारा. बरा हाय का आता?"

बरा आहे, म्हटलं. मग मी माझ्या सवयीप्रमाणं बोलायला लागले, की मी पत्रक काढणार, सगळ्यांची नावं टाकणार, सांगलीत वाटणार, सोडणार नाही एकालाही. तो ऐकून घेत होता, लहानपणी घ्यायचा तसं. मग म्हणाला, "पत्रक नगं गं. लोक वाचत्यात आन् भजी बांधत्यात त्यात. एखादा मानूस आला, बसला जरा, सुधाकर कसा हाईस म्हणला, तर लय झालं. धा वर्सांत त्यातला एक न्हाई आला."

मागच्या रविवारी सांगलीत, त्याच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि जे घडलं ते माझ्या नावासकट सांगितलं. पंचवीस-तीस माणसं असतील. कुणी मान हलवली, कुणी चपला शोधायला लागलं. गायन पार्टीतले ढोलकीवाले तात्या तेवढे म्हणाले, "एवढं बोलाय धा वर्सं लागली पोरी?" मी म्हटलं, हो तात्या, लागली. ते म्हणाले, "मला जायाला किती लागत्यात बघू." अजून गेलेले नाहीत. मी रोज विचारते.

आता तुम्ही. तुम्ही सांगली-मिरजेचे असाल, साताऱ्याचे असाल, त्या काळी स्टँडमागच्या गल्लीत उभे राहून तुम्ही त्याच्याकडून लग्नातली गाणी, स्तवनं, भीमगीतं, काहीतरी भरून घेतलं असेल. त्याला चालवत नेलं तेव्हा तुम्ही रस्त्याच्या कडेला असाल. तुम्हाला काही माहीत नव्हतं, हे मी मान्य करणार नाही. मीही तेच म्हटलं होतं. मला तुमची सही नको, वर्गणी नको, हळहळ तर मुळीच नको. तासगावच्या रस्त्याला द्राक्षबागा लागल्या की कुठल्याही बेदाणा शेडवर विचारा, सुधाकर राखणदार कुठं असतो. भर दुपारी जा, निवडणाऱ्या बायका बघत असताना जा. फाटकाशी एक क्रेट पालथा घातलेला असतो, त्यावर बसा. आधी तुमचं नाव सांगा. मग विचारा, सुधाकर, कसा आहेस. आणि तो सांगेपर्यंत उठू नका.